डोळ्यात कुसळ गेले तर? : डोळ्याच्या थेंबांची पारख कशी होते

गव्हाची मळणी, रब्बी ज्वारीची काढणी, भाताची झोडणी आणि उसाची तोड ही सारी कामे डोळ्याच्या अगदी जवळून चालतात. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभे राहिले की भुसकट उडते, ज्वारीचे ताट कापताना पात्याची धार डोळ्याला लागते, उसाच्या फडात पाचट थेट डोळ्यावर येते. पिकाला काही झाले तर आपण धावपळ करतो. डोळ्यात काही गेले तर मात्र पदराच्या किंवा टॉवेलच्या टोकाने ते काढतो आणि पुन्हा कामाला लागतो.

एका शेतकरी मेळाव्यात बियाणे प्रक्रियेवरील माझे व्याख्यान संपल्यावर एक वयस्कर शेतकरी उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, बियाण्याचं पटलं. आता माझ्या डोळ्याचं सांगा. मळणीत गव्हाचं कुसळ गेलं. गावातल्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवसांत लाली गेली, ठणका थांबला. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. दवाखान्यात गेलो तर म्हणाले, बुरशी वाढली आहे. डोळा राहिला, पण नजर गेली. मला एवढंच सांगा, दोन दिवस गुण आला होता ना? मग औषध चुकीचं कसं?"

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, सस्यविद्या शिकवतो. परंतु काकांचा प्रश्न औषधाइतकाच पारखेचाही होता. गुण आला असे दिसणे आणि गुण आला हे सिद्ध होणे यांत अंतर असते. ते कसे मोजायचे, हा आमच्या प्रक्षेत्रावरील रोजचाच विषय आहे. म्हणून हा लेख.

बुबुळाची रचना

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला शास्त्रात पारपटल म्हणतात. बोलीत आपण सगळ्यालाच बुबुळ म्हणतो, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे. या पडद्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. मात्र संवेदना पोचवणारे मज्जातंतू त्यात दाट असतात. त्यामुळे एवढेसे कुसळ गेले तरी माणूस कासावीस होतो.

या पडद्यावर पेशींच्या पाच ते सात थरांची पातळ साल असते. ती सतत नवी होत असते. बुबुळाच्या कडेला, जेथे काळा व पांढरा भाग मिळतात तेथे, नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. सालीवर ओरखडा उठला की शेजारच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात आणि नंतर थर पूर्ववत जाड होतो. स्वच्छ व लहान ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो आणि मागे डागही राहत नाही.

हे नीट लक्षात ठेवावे. बरेच ओरखडे औषधाविनाही भरतात. म्हणून कोणी डोळ्यात मध घातला, कोणी एरंडेल, कोणी दूध, आणि दोन दिवसांनी डोळा बरा झाला, तर श्रेय त्या वस्तूला मिळते. खरे काम सालीच्या पेशींनी केलेले असते. उलट अशा वस्तूंबरोबर जंतू आत गेले तर साधी जखम चिघळते.

शेतातली जखम वेगळी का?

शेतात होणारी जखम केवळ ओरखड्यावर थांबत नाही. पात्यावर, भुसकटावर व मातीत बुरशीचे बीजाणू असतात आणि जखमेबरोबर ते बुबुळात पेरले जातात. साल शाबूत असेपर्यंत बुरशीला सहसा आत शिरता येत नाही. साल फाटली की खालचा थर तिला मोकळा मिळतो.

बुबुळात वाढणाऱ्या बुरशींमध्ये फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या दोन प्रमुख आहेत. फ्युजेरियम हे नाव आपल्याला नवे नाही. तुरीचा मर, हरभऱ्याचा मर, केळीचा पनामा मर हे याच कुळातील बुरशींचे प्रताप आहेत. मर आणणारी जात आणि डोळा बिघडवणारी जात बहुधा एकच नसते. पण कूळ तेच, आणि मुक्काम तोच : माती आणि पिकाचे अवशेष.

बुरशीची जखम हळूहळू वाढते. सुरुवातीचे काही दिवस फक्त टोचल्यासारखे वाटते. मग पाणी येते, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते आणि बुबुळावर राखट पांढरा ठिपका दिसू लागतो. उपचाराने जखम भरली तरी खोल जखमेच्या जागी पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडले असे म्हणतो. फूल मध्यभागी पडले तर नजर जाते. जखम आरपार गेली तर बुबुळ फुटते.

नियंत्रण प्लॉटाविना प्रयोग नाही

समजा, एका शेतकऱ्याने संपूर्ण शेतात एखादे नवे द्रावण फवारले आणि पीक चांगले आले. पीक द्रावणाने आले की पावसाने, हे सांगता येईल काय? नाही. म्हणून आपण शेजारी विनाफवारणीचा प्लॉट ठेवतो. त्याला नियंत्रण म्हणतात. शिवाय चांगल्या जमिनीत फवारणी आणि चोपणात नियंत्रण असा अन्याय होऊ नये म्हणून कोणत्या प्लॉटला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवतो. एकाच प्लॉटवर भिस्त न ठेवता पुनरावृत्ती घेतो.

ही पद्धत घडली तीच शेतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. तेथील पीक प्रयोगांतून त्यांनी चिठ्ठ्यांची, म्हणजे यादृच्छिक वाटपाची, पद्धत मांडली. १९३५ मध्ये प्रयोगांच्या आखणीवरील त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच तत्त्वावर १०७ रुग्णांवर केल्याचे प्रसिद्ध झाले. आज डोळ्याच्या थेंबांची चाचणी होते ती याच वाटेने.

माणसाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. गव्हाला आपल्यावर कोणते खत पडले हे कळत नाही, माणसाला कळते. नवे औषध मिळाले या समाधानानेही बरे वाटते आणि तपासणाऱ्यालाही तसे दिसू लागते. म्हणून कोणाला कोणते थेंब दिले हे रुग्ण आणि तपासणारा डॉक्टर या दोघांपासूनही लपवले जाते.

जखम किती भरली हेही डोळ्यांनी अंदाजाने ठरवत नाहीत. फ्ल्युरोसीन नावाचा पिवळा रंग डोळ्यात घालून निळा प्रकाश टाकला की साल नसलेली जागा हिरवी चमकते. आज ती किती मिलिमीटर आणि तीन दिवसांनी किती, हे मोजता येते. शिवाय महिन्यांनंतर नजर किती राहिली, डाग केवढा राहिला आणि बुबुळ फुटले का, हेही नोंदवतात. काकांनी मोजली ती लाली आणि ठणका. मोजायला हवी होती ती जखम.

भक्तपूरचा अनुभव

नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात केलेल्या एका कामाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ३४,९०२ लोकवस्तीवर ८१ प्राथमिक नेत्रसेवकांनी दोन वर्षे लक्ष ठेवले. डोळ्याला इजा झाल्याच्या १,२४८ घटना नोंदल्या गेल्या. बुबुळावर ओरखडा असलेल्या ४४२ पात्र रुग्णांना १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस दिले. त्यांपैकी ४२४ जणांची जखम संसर्ग न होता भरली.

बोलका भाग वेळेचा होता. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाचीही जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांची चिघळली. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांची चिघळली, म्हणजे चारात एकापेक्षा जास्त.

यावरून मलमाने डोळे वाचवले असे म्हणावेसे वाटते. पण येथे नियंत्रण गट नव्हता. जे उशिरा आले त्यांच्यापैकी काही जण डोळा बिघडू लागला म्हणूनच आले असतील. जे लवकर आले त्यांच्यातील अनेकांचे ओरखडे मलमाविनाही भरले असते. उशीर घातक आहे, हा इशारा या आकड्यांतून मिळतो. मलमाचा वाटा किती, हे त्यांतून काढता येत नाही.

तमिळनाडूत मदुराई परिसरातील खेड्यांतही असे काम झाले. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ओरखडा असलेल्या ३७४ जणांपैकी काहींना जीवाणूनाशकाबरोबर बुरशीनाशक मलम दिले, काहींना जीवाणूनाशकाबरोबर औषध नसलेले मलम. ३६८ जणांच्या जखमा गुंतागुंत न होता भरल्या आणि दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही.

मग नेपाळमध्येच मोठा प्रयोग आखला गेला. २४ ग्रामविकास समित्यांची क्षेत्रे घेऊन चिठ्ठ्यांनी निवड झाली. काही क्षेत्रांत महिला आरोग्य स्वयंसेविका ओरखड्यावर जीवाणूनाशक व बुरशीनाशक मलम देत, बाकीच्या क्षेत्रांत ही योजना नव्हती. तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. योजना असलेल्या व नसलेल्या क्षेत्रांत चिघळलेल्या जखमांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी असा घेऊ नये. हा प्रयोग गावभर राबवलेल्या योजनेचा होता, आणि योजनेत इजा झालेला प्रत्येक जण वेळेवर पोचतोच असे नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. नियंत्रणाविना जे यश मोठे दिसते, ते नियंत्रण ठेवल्यावर लहान होऊ शकते. आपल्या पीक प्रात्यक्षिकांतही हा अनुभव नेहमी येतो.

जुने औषध वरचढ ठरले

बुरशी आत शिरल्यावरच्या औषधांची कथाही अशीच शिकवणारी आहे. नॅटामायसिन हे बुरशीनाशक १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले. बुरशी मातीतली आणि तिच्यावरचा उतारा देणाराही मातीतलाच. त्याचे ५ टक्के थेंब डोळ्यासाठी अनेक वर्षे वापरात आहेत. पण ते बुबुळात खोलवर मुरत नाहीत, अशी तक्रार होती. व्होरिकोनॅझोल हे नवे औषध चांगले मुरते. पिकांसाठी आपण हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल वापरतो, त्याच वर्गातले हे औषध आहे. तेव्हा नवे औषध सरस ठरेल असे अनेकांना वाटत होते.

अरविंद नेत्र रुग्णालयांत एप्रिल २०१० पासून या दोन औषधांची सरळ तुलना झाली. ३६८ रुग्ण घ्यायचे ठरले होते. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने मध्येच आकडे तपासले आणि ३२३ रुग्णांवर भरती थांबवण्यात आली, कारण व्होरिकोनॅझोलच्या गटात बुबुळ फुटण्याचे प्रमाण अधिक होते. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी नॅटामायसिनच्या गटातील रुग्णांची नजर अधिक चांगली होती आणि फ्युजेरियमच्या जखमांत हा फरक विशेष मोठा होता. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

नवे ते चांगले, महाग ते गुणकारी, हा समज बियाण्यांत जसा फसवतो तसा औषधांतही फसवतो.

जखम भरून आणणारे थेंब

वरील औषधे जंतूंना मारतात. जखम भरण्याचे काम शरीरच करते. मग त्या कामालाच जोर देणारे थेंब करता येतील काय, यावरही बरेच संशोधन झाले आहे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनांच्या शोधाबद्दल १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतील मज्जातंतूंची वाढ घडवणाऱ्या प्रथिनासारखे प्रथिन तयार करून त्याचे थेंब बनवण्यात आले. त्यांचे नाव सेनेगर्मिन.

काही रुग्णांच्या बुबुळाची संवेदनाच गेलेली असते आणि त्यामुळे जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा १५१ रुग्णांवर दोन चाचण्या झाल्या. काहींना खरे थेंब, काहींना औषध नसलेले तसेच थेंब दिले. आठ आठवड्यांनी खऱ्या थेंबांच्या गटात ७० टक्के, तर दुसऱ्या गटात २८ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. या आधारावर अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

येथे २८ टक्क्यांकडे लक्ष द्यावे. औषध नसलेल्या थेंबांनीही चारात एकाहून अधिक जखमा भरल्या. नियंत्रण गट नसता तर तेही श्रेय औषधाला गेले असते. दुसरे असे की, हे थेंब विशिष्ट आजारासाठी आहेत आणि अतिशय महाग आहेत. कुसळाच्या ताज्या जखमेवरचे हे औषध नव्हे. सोयाबीनचे तणनाशक कापसावर मारू नये, तसेच हे.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर

डोळ्याची लाली व ठणका झटकन घालवणाऱ्या अनेक थेंबांत स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने सूज उतरते. पण ती सूज म्हणजे शरीराची बुरशीविरुद्धची लढाई असते. लढाई थांबली, लाली गेली, बुरशी मात्र निर्धास्त वाढत राहिली. पिवळ्या पडलेल्या पिकाला युरिया देऊन हिरवे करावे आणि मुळाशी मर तसाच राहावा, असा हा प्रकार. काकांच्या बाटलीत नेमके काय होते ते मी पाहिलेले नाही. पण दोन दिवसांचा आराम आणि आठव्या दिवशीचा पांढरा ठिपका, हा क्रम स्टिरॉइडशी जुळतो. डोळा बधिर करणारे थेंबही असेच फसवे. ठणका जातो, पण जखम भरण्यास अडथळा येतो. ही औषधे नेत्रतज्ज्ञांच्या हाती उपयोगी आहेत. दुकानातून मनाने आणण्याची ती वस्तू नव्हे.

काय करावे?

१) मळणी, ऊसतोड, फवारणी व चुन्याची कामे करताना बाजूने बंद असलेला प्लॅस्टिकचा चष्मा वापरावा. मजुरांनाही द्यावा.

२) डोळ्यात कुसळ वा भुसकट गेल्यास डोळा चोळू नये. पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेला कण काडीने, पदराने किंवा जिभेने काढू नये.

३) चुना, बोर्डो मिश्रण किंवा कीटकनाशक उडाल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा. चुन्याचे कण राहू देऊ नयेत. नंतर लगेच दवाखाना गाठावा.

४) बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा आरपार घुसल्याची शंका असल्यास डोळा धुऊ नये, दाबू नये. वर वाटीसारखे आच्छादन ठेवून तातडीने रुग्णालयात जावे.

५) धुतल्यानंतरही टोचणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे यांपैकी काही राहिले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. "उद्या बघू" म्हणू नये.

६) डोळ्यात काय गेले, केव्हा गेले आणि आधी कोणते थेंब घातले, ते डॉक्टरांना सांगावे. शक्य असल्यास बाटली सोबत न्यावी. जखमेचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी ओळखता येते.

७) नॅटामायसिन दिले असल्यास बाटली हलवून वापरावी, कारण औषध तळाशी बसते. सुरुवातीला ते तासातासाला घालावे लागू शकते व उपचार अनेक आठवडे चालतात. बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नये.

८) बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. फोडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी. शेजाऱ्याचे उरलेले थेंब वापरू नयेत.

चाचणीत भाग घ्याल का, असे विचारले तर

एखाद्या रुग्णालयात नव्या थेंबांच्या चाचणीबद्दल विचारणा झाल्यास घाबरू नये आणि न वाचता सहीही करू नये. आपल्या देशात अशा चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत दिलेल्या माहितीनंतरची लेखी संमती आवश्यक असते. चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत करावी लागते. दुसऱ्या गटाला काय देणार आहेत, इजा झाल्यास खर्च कोण करणार आणि मध्येच बाहेर पडता येईल का, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला नेहमीच असतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

मेळाव्यातील ते काका जाताना म्हणाले, "म्हणजे मी सगळ्या शेतात फवारलं आणि नियंत्रण ठेवलंच नाही." त्यांना मुद्दा नेमका समजला होता. शेतात चुकलेला प्रयोग पुढच्या हंगामात पुन्हा घेता येतो. डोळ्यावर तो करू नये. तेथे इतरांनी काटेकोरपणे केलेल्या प्रयोगांवर विश्वास ठेवावा, आणि पहिल्याच दिवशी दवाखान्याची वाट धरावी.